अक्षराला जाड-बारीक हवंच

मंडळी, गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी उजवा आणि मग डावा. डॉक्टरांनी वाचन बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि मास्तरला वाचन बंद म्हणजे उपासच. आता डोळे नव्यासारखे झालेत. आणि डोळे उघडल्या उघडल्या पहिलं भांडण झालं ते अक्षरांशीच!

तर झालं असं. आमच्या एका जुन्या बॅचच्या मुलांनी (मुलं म्हणजे तीही आता साठीला आली) मेळाव्यानिमित्त स्मरणिका काढली. माझ्याकडे लेख मागितला, मी दिला. पानांची मांडणी पुण्यातल्या माझ्या पुतण्याने करून दिली. एक पैसा न घेता, हे आधी सांगतो, कारण तो हे वाचणार आहे. स्मरणिका हातात आली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, सगळं झकास. आणि माझा लेख उघडला तर वाचताच येईना. मला वाटलं, ऑपरेशन फसलं. शेजारी बसलेले माझ्याच वयाचे स्नेही म्हणाले, "मास्तर, तुमचा लेख छापायचा राहिला वाटतं. नुसत्या उभ्या रेघा दिसताहेत."

खरंच तसं होतं. उभ्या रेघा चांगल्या ठळक, आडव्या रेघा केसासारख्या. त्यातून शाई करडी. शिरोरेषा जवळजवळ गायबच. वाळत घातलेले कपडे दिसावेत पण दोरी दिसू नये, तशी अक्षरं. बाकीची सगळी स्मरणिका मात्र वेगळ्याच अक्षरात होती. त्यात रेघ कुठेही जाड नाही, कुठेही बारीक नाही. ठिबकची नळी वाकवून अक्षरं केल्यासारखी. मी त्याला नळीचं अक्षर म्हणतो.

फोन केला. पुतण्या म्हणाला, "नाना, तुम्हालाच जाड-बारीक अक्षर आवडतं ना? तुमच्यासाठी मुद्दाम एलिगंट फाँट शोधला. बाकी सगळं क्लीन ठेवलंय. जाड-बारीक हल्ली फक्त लग्नपत्रिकेत चालतं, नाहीतर फार जुनाट दिसतं."

त्या "जुनाट"वर हा लेख. पोरा, राग मानू नकोस, पण ऐकून घे. माझं म्हणणं एवढंच आहे : जाड-बारीक हा देवनागरीने अंगावर घातलेला दागिना नाही, तो तिच्या हाडांचा आकार आहे. तो लग्नपत्रिकेत कोंडून ठेवू नका, रोजच्या वाचनात आणा. आणि आणाल तेव्हा आपला आणा, इटलीचा नको.

आधी इटलीचं सांगतो, म्हणजे माझ्या लेखाचं काय झालं ते कळेल.

पार्मा गावी बोदोनी नावाचा मोठा मुद्रक होऊन गेला (१७४० ते १८१३). फ्रान्समध्ये त्याच काळात दिदो घराणं होतं. या मंडळींनी रोमन अक्षराला असं रूप दिलं की उभी रेघ भरदार आणि आडवी रेघ एकदम नाजूक. कागद गुळगुळीत होत चालला होता, छपाई सुधारत होती, त्यामुळे इतकी बारीक रेघही कागदावर उमटायला लागली. बोदोनी गेल्यावर त्याच्या पत्नीने १८१८ मध्ये त्याच्या नमुन्यांचा दोन खंडांचा ग्रंथ छापून पुरा केला. देखणं काम आहे, वादच नाही. आजही फॅशनच्या मासिकांवर मोठ्या अक्षरात तेच वळण दिसतं. त्या वळणामागे टोकदार लेखणी आहे. दाबली की टोक फाकतं आणि रेघ जाड होते, दाब सोडला की बारीक.

आपल्या अक्षरामागे टोकदार लेखणी नाही, बोरू आहे. माझ्या वयाच्या लोकांनी तो हातात धरलाय. बोरूचं टोक चाकूने तिरकं छाटायचं, दौतीत बुडवायचं आणि कित्ता गिरवायचा. या तिरक्या टोकाची गंमत अशी की सरळ उभी रेघ आणि सरळ आडवी रेघ साधारण सारख्याच जाडीच्या येतात. जाड-बारीक होतं ते तिरप्या दिशांना. एका तिरप्या दिशेने हात गेला की रेघ भरून येते, दुसरीकडे वळला की निमुळती होते. आणि रोमन लिपीच्या लेखणीचा कल आपल्या बोरूच्या बरोबर उलटा. म्हणजे तिकडे गोलाई जिथे भरते, तिथे आपल्याकडे ती भरत नाही.

आता बोदोनीचा नियम देवनागरीला लावा. आडवी रेघ बारीक करा. आपल्या लिपीत सगळ्यात महत्त्वाची आडवी रेघ कोणती? शिरोरेषा! शब्द जिच्यामुळे एकत्र राहतो तीच. तीच केसाएवढी केली की शब्दाचे पुन्हा सुटे दांडे होतात. माझ्या लेखाचं नेमकं तेच झालं होतं. माझे स्नेही चुकले नव्हते, त्यांना खरोखरच उभ्या रेघाच दिसत होत्या.

"सेरिफ देवनागरी" हा शब्दही असाच उसना. रोमन अक्षराच्या पायाशी जे आडवं टोक असतं त्याला सेरिफ म्हणतात. देवनागरीला ते पाय कधी नव्हतेच. आपली अक्षरं उभी राहत नाहीत, ती वरून लोंबतात. रोमनचा सेरिफ फाँट आणि आपला जाड-बारीक फाँट दोघेही पुस्तकात शोभतात हे खरं, पण म्हणून एकाचं माप दुसऱ्याला घ्यायचं नसतं.

मग आपलं जाड-बारीक कुठे बघायचं? जुनं निर्णयसागर छापाचं पुस्तक मिळालं तर उघडा. जावजी दादाजी चौधरी (१८३९ ते १८९२) लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली टाइपाचं काम शिकले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरणारे होते राणोजी रावजी आरू. आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, मग साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. एवढा खटाटोप, आणि तोही जोडाक्षरांसकट शेकडो खिळ्यांसाठी! पण त्या अक्षरात बोरूची चाल जशीच्या तशी उतरली. संस्कृतचे मोठे मोठे ग्रंथ, "काव्यमाला" नावाची मालिका, पंचांगं, सगळं त्या अक्षरात छापलं गेलं. मुंबईच्या वळणाला एवढी प्रतिष्ठा मिळाली की पुढे प्रमाण देवनागरी ठरवताना हिंदीनेसुद्धा आपली जुनी रूपं सोडून मुंबईचे अ, झ आणि ण घेतले. याला जुनाट म्हणायचं?

मी यातला अगदीच अडाणी नाही बरं का. कॉलेजच्या सुट्ट्यांत दोन वर्षं शहाद्याच्या एका छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. तेव्हा आपला जिल्हा धुळेच होता, नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, लाकडी केसांत खिळे, आणि समोर उभा राहून न बघता खिळे उचलणारा जुळारी. एकदा लग्नपत्रिकेच्या प्रुफात मला "भ" सगळीकडे "म" सारखा दिसला. मी चुकीच्या खुणा करून दिल्या. जुळारी हसला. खिळा बोटावर घेऊन उजेडात धरला आणि अहिराणीत म्हणाला, "भाऊ, बारीक रेघ गई ते अक्षर गयं." झिजून झिजून भ च्या गाठीजवळची बारीक रेघ पार तुटली होती. अक्षराची ओळख जाड भागात नसते, ती बारीक भागात असते, हे मला मराठीच्या कुठल्या पेपरात शिकवलं नव्हतं. ते त्या माणसाने शिकवलं.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली होती. लहान खिळा म्हणजे मोठ्या खिळ्याची छोटी प्रत नसते. प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरलेलं असायचं. लहान आकारात बारीक रेघ जरा जाड ठेवायची, पोटं जरा मोकळी ठेवायची. मोठ्या आकारात मग हवा तेवढा नाजूकपणा करा. बोदोनीसुद्धा हेच करायचा. कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा एकच चित्र असतं, तेच ताणून मथळ्याला आणि तेच दाबून मजकुराला. मथळ्यासाठी काढलेलं नाजूक अक्षर माझ्या लेखात बारीक करून घातलं, आणि खापर फुटलं जाड-बारीक या गोष्टीवरच. बनारसी शालू नेसून कोणी निंदणीला गेलं तर चूक शालूची का?

आता नळीच्या अक्षराबद्दल. त्याच्या बाजूने जे बोललं जातं ते मी नीट ऐकून घेतलंय.

पहिला मुद्दा, पडद्यावर बारीक रेघ दिसत नाही. एके काळी हे शंभर टक्के खरं होतं. विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँट आला, तो र. कृ. जोशी यांनी केलेला. जोशी (१९३६ ते २००८) स्वतः पट्टीचे सुलेखनकार आणि कवी. बोरूची चाल त्यांना कोणी शिकवायला नको होती. पण तेव्हाच्या पडद्यावर ठिपकेच इतके मोठे होते की बारीक रेघेला जागाच नव्हती. त्यांनी पडद्याला सोसेल असं अक्षर दिलं, आणि आपल्यासारखे हजारो लोक मराठीत टाइप करू लागले. मी पहिलं पत्र कॉम्प्युटरवर लिहिलं ते मंगलमध्येच, ते ऋण आहे. पण आज तुमच्या खिशातला फोन बघा. त्याचा ठिपका डोळ्याला दिसतसुद्धा नाही. अडचण गेली आणि सवय तेवढी राहिली. पाय बरा झाल्यावरही कुबडी घेऊन चालायचं, आणि वर म्हणायचं की हीच आधुनिक चाल!

दुसरा मुद्दा, सोबतच्या इंग्रजीशी जुळलं पाहिजे. का म्हणून? स्मरणिकेत इंग्रजी किती, तर दोन फोन नंबर आणि एक ई-मेल. पाहुण्यासाठी घरातल्या माणसांनी कपडे बदलायचे का?

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार, आणि मी हा लेख लिहितोय तो त्याच्यासाठीच. म्हणतात, लहान मुलांना नळीचं अक्षर सोपं जातं.

माझी उमेद गेली ती सातपुड्याच्या पायथ्याला. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागातली मुलं. त्यांच्या घरची बोली भिली, पावरी. मराठी त्यांच्यासाठी शाळेत आल्यावर भेटलेली भाषा. आपल्या घरातल्या मुलाने "घर" हा शब्द हजार वेळा ऐकलेला असतो. अक्षर चुकलं तरी तो अंदाजाने वाचून जातो. या मुलांना अंदाजाची सोय नाही. त्यांच्या हाती फक्त छापलेलं अक्षर. म्हणून त्यांच्या पुस्तकातलं अक्षर सगळ्यात स्वच्छ पाहिजे.

निवृत्तीनंतर मी काही वर्षं एका पाड्यावरच्या शाळेत आठवड्यातून दोनदा जात होतो. एका संस्थेने वाचनाची पुस्तिका दिली होती. हेतू चांगला, चित्रं गोड. अक्षर मात्र नळीचं, तेही ठळक आणि लहान, आणि प्रती झेरॉक्सवर काढलेल्या. एक मुलगी "घर" ला सारखी "धर" वाचायची. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. मग पुस्तिका डोळ्यांजवळ नेली तर घ आणि ध मध्ये मलाही फरक दिसेना. ध ची गाठ शाईने भरलेली, घ चं वळणही भरलेलं. नळीच्या अक्षरात गाठीची रेघही दांड्याएवढीच जाड असते, मग आतली पांढरी जागा उरणार कशी? जाड-बारीक अक्षरात गाठीकडे जाणारी रेघ निमुळती होते आणि गाठीला श्वास मिळतो. बारीक रेघेचं हे काम आहे. ती नटण्यासाठी नसते.

त्याच पुस्तिकेत दुसरी गंमत. त्यातला "ल" हिंदी वळणाचा, दांड्याचा. मुलीने वहीत तोच काढला. फळ्यावर बाईंनी काढलेला ल पाकळीचा. बाईंनी तिच्या ल वर लाल फुली मारली. छापलेलं बघून छापल्यासारखं काढलं, तरी चूक! मुलीने काही विचारलं नाही. रबर घेतला आणि खोडत बसली. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, कारण तिच्यावर आवाज चढवणाऱ्यांत मीही होतो.

मी घरी येऊन ते पान पुन्हा टाइप करून घेतलं. जाड-बारीक अक्षर, पाकळीचा ल, देठाचा श, आणि आकार दीडपट. मुलगी "घर" वाचू लागली. आता खरं सांगायचं तर आकारही वाढवला होता, त्यामुळे सगळं श्रेय मी जाड-बारीकला देणार नाही. आणि एका मुलीवरून सिद्धांतही मांडणार नाही. पण "मुलांना नळीचं सोपं" असं ठासून सांगणाऱ्यांनी तरी कुठल्या पाड्यावर जाऊन बघितलंय?

ल आणि श ची गोष्ट थोडी समजावून सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की आपण मराठी टाइप केलं म्हणजे मराठी अक्षर आपोआप आलंच. तसं नाही. युनिकोडमध्ये ल ला एकच क्रमांक आहे. पाकळीचा दाखवायचा की दांड्याचा, हे फाँट ठरवतो. मी आत्ता हे लिहितोय, तुमच्या पडद्यावर कुठला ल दिसतोय ते मला कळायला मार्ग नाही. मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असा शासन निर्णयही नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाला. पण निर्णय कागदावर राहतो, आणि फाँटच्या यादीत जे पहिलं दिसतं ते छापलं जातं.

आणि हे सगळं परवडत नाही, मिळत नाही, असंही कोणी सांगू नये. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फाँट मोफत दिलेत. गुगलच्या संग्रहात टिरो देवनागरी मराठी आहे, जुन्या खिळ्यांच्या छपाईची आठवण करून देणारं जाड-बारीक अक्षर, तेही फुकट. त्याची हिंदीसाठी, संस्कृतसाठी आणि मराठीसाठी वेगळी रूपं केली आहेत. लांब देशातल्या माणसांनी आपल्या ल चा एवढा विचार केला, आणि आपण यादीत बोट खाली सरकवायचा कंटाळा करतो.

तेव्हा नातेवाईक मंडळींना आणि लिहिणाऱ्या मित्रांना माझ्या चार विनंत्या. (मास्तर आहे, चार मुद्दे दिल्याशिवाय सोडणार नाही.)

एक, लांब मजकूर वाचायला देत असाल तर जाड-बारीक अक्षर निवडा. पाटी, बोर्ड, बसवरचं गावाचं नाव यांना नळीचं अक्षर खुशाल वापरा, लांबून ते चांगलंच दिसतं.

दोन, निवडताना शिरोरेषा बघा. ती दांड्यापेक्षा फारच बारीक असेल तर तो बोदोनीचा भाचा समजा आणि मथळ्यापुरताच ठेवा.

तीन, छापण्याआधी एक ओळ टाइप करून बघा : "सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतली शाळा, घर, धरण, भात, मळा, फूल." ल पाकळीचा आला का, श देठाचा आला का, घ-ध आणि भ-म वेगळे दिसतात का, दऱ्यांमधला र चा चिमटा नीट जुळला की तुटला, ते बघा. आपल्या जिल्ह्यात दऱ्याच तुटक्या छापल्या तर कसं चालेल!

चार, शाई काळी ठेवा. करडी शाई बघायला छान, वाचायला नाही. हे तर कोणीही कबूल करेल, ज्याने चाळिशी ओलांडलीय.

पुतण्याला दुपारी हा लेख फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "नाना, पटलं, पण क्लायंटला कसं पटवू?" प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, क्लायंटच्या आईला वाचायला दे. ती भिंग शोधायला उठली तर समज.

असो. पुढच्या महिन्यात तो इकडे येणार आहे. त्याला घेऊन त्या पाड्यावरच्या शाळेत जायचं ठरलंय. पुस्तिका पुन्हा छापायची आहे, आणि या वेळी अक्षर तो निवडणार, मी नाही. त्याने फक्त एक करायचं. मुलांच्या शेजारी जमिनीवर बसून, त्यांच्या बोटामागून ते वाचून बघायचं. मग त्याला जे अक्षर योग्य वाटेल ते माझ्या सही-शिक्क्यासह मान्य.

तोवर तुमच्या माळ्यावर जुनं पंचांग, पोथी, आजोबांच्या लग्नाची पत्रिका असेल तर काढा, झटका, आणि उजेडात धरून बारीक रेघ बघा. काय दिसलं ते मला कळवा.